विमा कंपनीची घरून करायची केस मॅनेजरची नोकरी: हॉस्पिटल सोडण्याआधी काय तपासाल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टेक्सासमध्ये मेड-सर्ज फ्लोअरवर (सर्वसाधारण आजार आणि ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात) सहा वर्षं बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या झाल्या, कंबर कुरकुरायला लागली, घरी दोन लहान मुलं आहेत आणि एका आरोग्य विमा कंपनीनं घरून काम करायची केस मॅनेजरची जागा देऊ केली आहे. मैत्रीण म्हणते आरामाची नोकरी आहे, घे. मिस्टर म्हणतात हे तर कॉल सेंटर. तुम्हाला स्वतःला भीती वाटते की नर्सिंग हातून सुटेल. शिवाय उन्हाळ्यात मुलांना घेऊन दोन महिने भारतातून काम करता येईल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी कार्डियाक फ्लोअरवरून या कामात आले आणि आता बरीच वर्षं इथंच आहे. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच घाईनं 'घ्या' असं सांगणार नाही. हॉस्पिटलला कंटाळलेल्या नर्सला 'घरून' हा शब्द इतका गोड लागतो की बाकीचं काही वाचलंच जात नाही. पेशंट डोळ्यांसमोर नसताना नुसत्या कानावर विसंबून नर्सिंग करायला तुम्हाला आवडेल का, आणि विमा कंपनीच्या नावानं फोन करताना मन खात राहील का, या दोन गोष्टींवर तुमचं उत्तर ठरेल. खोली, खुर्ची, लॅपटॉप यांची सोय होते.

आधी पदाच्या नावावर जाऊ नका. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांत केस मॅनेजर, केअर मॅनेजर, केअर कोऑर्डिनेटर ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि एकाच नावाखाली अगदी वेगळी कामं असतात. एक काम युटिलायझेशन मॅनेजमेंटचं, म्हणजे यूएमचं. डॉक्टरांकडून किंवा हॉस्पिटलकडून मंजुरीची विनंती येते: एमआरआय, गुडघ्याचं ऑपरेशन, हॉस्पिटलात आणखी दोन दिवस. नर्स चार्टमधली माहिती एमसीजी किंवा इंटरक्वॉलच्या निकषांशी ताडून पाहते. निकषांत बसलं तर मंजूर करते, नाही बसलं तर प्रकरण मेडिकल डायरेक्टरकडे, म्हणजे डॉक्टरकडे जातं. वैद्यकीय गरज नाही म्हणून नकार द्यायचा निर्णय डॉक्टरचा असतो, नर्सचा नाही. या कामात पेशंटशी बोलणं जवळपास नसतंच, आणि घड्याळ सतत मानगुटीवर असतं. मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा (मेडिकेअर) खासगी कंपन्यांमार्फत देणाऱ्या प्लॅनमध्ये, तातडीच्या विनंतीला 72 तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि साध्या विनंतीची मुदतही 2026 पासून 14 दिवसांवरून 7 दिवसांवर आली आहे.

दुसरं काम खऱ्याखुऱ्या केस मॅनेजमेंटचं. नुकतेच डिस्चार्ज झालेले, वारंवार ईआरला (इमर्जन्सीला) जाणारे, डायलिसिसवर असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, अवघड गरोदरपण असलेले असे लोक तुमच्या यादीत येतात. तुम्ही त्यांना फोन करता, काय अडतंय ते शोधता, डॉक्टर, फार्मसी, होम हेल्थ, प्लॅनचे फायदे यांची मोट बांधता आणि महिना-दोन महिने, कधी वर्षभर त्यांच्यासोबत राहता. तिसरा प्रकार 'रिमोट' म्हणवतो पण त्यात आठवड्यातले काही दिवस गाडी घेऊन लोकांच्या घरी जावं लागतं. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) आणि मेडिकेअर दोन्ही असलेल्या लोकांच्या प्लॅनमध्ये हे फार आढळतं. तुमच्या ऑफरमध्ये यांपैकी कोणतं काम आहे हे कळल्याशिवाय मैत्रिणीचं आणि मिस्टरांचं, दोघांचंही मत बाजूला ठेवा. पुढचं सगळं मी दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते आहे, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख तोच दिसतो.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी यादी उघडते. काल कोण ॲडमिट झालं, कोण घरी आलं, कुणाला आज परत फोन करायचा शब्द दिला होता. मग फोन सुरू. बहुतेक जण पहिल्यांदा उचलतच नाहीत. व्हॉइसमेलवर आजाराचं अवाक्षर काढता येत नाही, नाव आणि नंबर एवढंच. ठरावीक वेळा प्रयत्न करून झाले की पत्र पाठवायचं आणि तसं चार्टमध्ये लिहायचं. फ्लोअरवर पेशंट कुठं पळून जात नसतो, त्यामुळे नव्यानं आलेल्या नर्सला हा न उचललेल्या फोनांचा भाग सगळ्यात जास्त खचवतो. मी वेळा बदलून बघते. डायलिसिसच्या दिवशी दुपारी माणूस थकून झोपलेला असतो, नातीला शाळेतून आणणाऱ्या आजीला तीन वाजता फोन करण्यात अर्थ नाही. अशा बारीक नोंदी ठेवल्या की माणसं सापडायला लागतात.

उचलला तरी पहिलं अर्धं मिनिट नाजूक. मी नर्स आहे, अमुक प्लॅनकडून बोलते, कॉल रेकॉर्ड होतो आहे, पुढं जाण्याआधी जन्मतारीख आणि पत्ता सांगाल का, असं म्हणावंच लागतं. अनोळखी नंबर, विमा कंपनीचं नाव आणि वर जन्मतारखेची चौकशी. फसवणुकीचे इतके फोन येतात की लोकांचा संशय रास्तच आहे. मी सांगते, तुमच्या कार्डाच्या मागं जो नंबर आहे त्यावर फोन करा आणि मला मागा. एवढं ऐकल्यावर पुष्कळ जण तिथंच बोलायला तयार होतात. आणखी एक वाक्य मी फार लवकर बोलते: हा कार्यक्रम ऐच्छिक आहे, नको असेल तर नाही म्हणा, तुमच्या विम्यावर काही परिणाम होणार नाही. 'आता काहीतरी कापायला फोन केला असेल' ही त्यांच्या मनातली भीती गेल्याशिवाय कुणी खरं बोलत नाही.

आता एक फोन जवळून दाखवते. तपशील मुद्दाम बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे गृहस्थ, हार्ट फेल्युअरनं ॲडमिट होऊन दहा दिवसांपूर्वी घरी आलेले. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, छान, काही त्रास नाही. फ्लोअरवर असते तर खोलीत शिरता शिरता घोट्यांची सूज, पाठीमागच्या उशा, श्वासाची लय सगळं एका नजरेत टिपलं असतं. फोनवर ते नाही. मग मी विचारलं, काल रात्री झोपलात कुठं? खुर्चीत. पलंगावर का नाही? आडवं झालं की खोकला येतो. आडवं होता न येणं ही हार्ट फेल्युअर बळावल्याची खूण. 'छान'चा अर्थ तिथंच कळला.

मग मी नेहमी सांगते तेच सांगितलं: घरातल्या औषधांच्या सगळ्या बाटल्या, जुन्या-नव्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, फोनजवळ आणा आणि एकेक लेबल मला वाचून दाखवा. यादी समोर ठेवून 'हे घेता ना?' असं मी कधीही विचारत नाही, त्यावर सगळे 'हो' म्हणतात. बाटल्या खडखडल्या, चष्मा शोधला गेला, वाचन सुरू झालं. फ्युरोसेमाइडची, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीची, बाटली आली तेव्हा म्हटलं, आतल्या गोळ्या मोजता का? तीस गोळ्यांच्या बाटलीत सव्वीस शिल्लक. रोज एक घ्यायची होती आणि दहा दिवस उलटून गेले होते. कारण अगदी साधं होतं. गोळी घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं, त्यामुळे बाहेर पडायचं असेल त्या दिवशी ते घेत नव्हते, आणि त्या आठवड्यात त्यांना जवळपास रोजच बाहेर पडायचं होतं. सगळ्यात शेवटी एक बाटली उरली. ही डॉक्टरची नाही, गुडघ्यासाठी दुकानातून आणली आहे, म्हणाले. नेप्रॉक्सेन, दिवसातून दोनदा. तुम्हाला सांगायला नको, या जातीची वेदनाशामकं शरीरात पाणी धरून ठेवतात आणि हार्ट फेल्युअर चिघळवतात. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज यादीत ती बाटली असायचं कारणच नव्हतं, कारण ती त्यांच्या घरच्या टेबलावर होती.

अशा वेळी मी स्वतः औषध सुरू किंवा बंद करत नाही, तो अधिकार माझा नाही. मी त्यांना लाइनवर ठेवलं आणि कार्डियॉलॉजी क्लिनिकच्या नर्सला त्याच कॉलवर जोडून घेतलं. तिला थोडक्यात सांगितलं: आडवं होता येत नाही, फ्युरोसेमाइडचे बहुतेक डोस चुकलेत, नेप्रॉक्सेन रोज चालू आहे. दुपारचीच अपॉइंटमेंट मिळाली. गाडी नव्हती, पण त्यांच्या प्लॅनमध्ये दवाखान्याच्या फेऱ्यांची सोय होती, ती त्यांना माहीतच नव्हती. वजनकाटाही नव्हता, तो मिळवून दिला. दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वजन वाढलं तर थांबायचं नाही, क्लिनिकला फोन करायचा, हे समजावलं. फोन ठेवण्याआधी म्हटलं, उद्या सकाळी उठल्यावर काय काय करणार ते आता तुम्ही मला सांगा. त्यांच्या तोंडून आलं तेव्हाच मी नोंद केली की समजलं आहे.

नर्सिंग हातून सुटेल का, या तुमच्या भीतीला माझं उत्तर या फोनात आहे. तुमच्या मेड-सर्जच्या अनुभवाशिवाय 'झोपलात कुठं?' हा प्रश्न सुचणारच नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या फ्लोअरचा काही वर्षांचा अनुभव मागतात आणि तो मागणं योग्यच आहे. सुटतं ते हातांचं काम. आयव्ही लावणं, कोड (हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठीची धावपळ), पटकन हालचाल. चार-पाच वर्षं फोनवर काढल्यावर परत फ्लोअरवर जायचं म्हटलं तर जड जातं, काही हॉस्पिटलं तर अलीकडचा बेडसाइड अनुभव नसेल तर अर्जच बाजूला ठेवतात. पहिलं वर्षभर महिन्याला एखाददुसरी पर-डिएम (गरजेपुरती, सुटी) शिफ्ट ठेवता आली तर ठेवा. मात्र त्याआधी नव्या कंपनीकडून दुसऱ्या नोकरीची लेखी परवानगी घ्या.

एक गोष्ट मला प्रत्येक नव्या सहकारी नर्सला पहिल्याच दिवशी सांगावीशी वाटते. बोलता बोलता समोरच्याच्या छातीत दुखायला लागलं तर तुमच्या घरून 911 फिरवून उपयोग नाही. तुमचा कॉल तुमच्याच भागातल्या केंद्रात जातो, आणि माणूस कदाचित तीन राज्यं पलीकडे असतो. त्याच्या गावच्या डिस्पॅचचा दहा आकडी नंबर तुमच्याकडे हवा किंवा तो पटकन मिळवायची कंपनीची ठरलेली पद्धत तुम्हाला पाठ हवी. आणि पत्ता. नोंदीतला पत्ता जुना असतो, माणूस मुलीकडे राहायला गेलेला असतो. म्हणून मी कॉलच्या सुरुवातीलाच विचारते, आत्ता तुम्ही नेमके कुठून बोलताय? नैराश्याच्या प्रश्नावलीत, पीएचक्यू-9 मध्ये, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो घाईत, दबक्या आवाजात विचारू नका. 'हो' आलं तर पुढं काय करायचं, कुणाला जोडायचं, 988 या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनची मदत कधी घ्यायची, हे कॉल सुरू होण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे. एकट्या खोलीत बसून असा कॉल घेताना हात थरथरतात. शेजारी चार्ज नर्स नसते. तुमच्या टीमलीडला एका निरोपावर लाइनवर आणता येतं का, हे इंटरव्ह्यूतच विचारा.

आता विमा कंपनीचं काय, ते बोलू. तुम्ही हे थेट विचारलं नाहीत, पण 'कंपनीच्या बाजूनं बोलावं लागेल का' अशी एक ओळ तुमच्या प्रश्नात आहे. कंपनीला माझं काम हवं असतं कारण परत ॲडमिट होणं महाग पडतं. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. वरच्या गृहस्थांच्या बाबतीत कंपनीचं हित आणि त्यांचं हित एकाच बाजूला होतं. बहुतेक दिवस तसंच असतं. जेव्हा नसतं, म्हणजे त्यांना हवी असलेली गोष्ट नाकारली जाते, तेव्हा माझी भूमिका मी पक्की ठरवून ठेवली आहे. निर्णयाचं समर्थन करत बसायचं नाही आणि कंपनीला शिव्याही घालायच्या नाहीत. नकाराच्या पत्रातलं नेमकं कारण त्यांना साध्या भाषेत वाचून दाखवायचं, दाद मागायचा हक्क आहे हे सांगायचं आणि मुदत सांगायची. नोकरीमार्फत किंवा मार्केटप्लेसवर (वैयक्तिक विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारात) घेतलेल्या प्लॅनला साधारण 180 दिवस, मेडिकेअर ॲडव्हान्टेजला नोटिशीच्या तारखेपासून 65 दिवस. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून सांगायचं की मेडिकल डायरेक्टरशी थेट बोलायची, पीअर-टू-पीअरची, सोय आहे आणि चार्टमधली कोणती गोष्ट विनंतीत गेलीच नव्हती. पुष्कळ नकार कागद अपुरे म्हणून आलेले असतात. हे सगळं मी कंपनीची नोकर असूनही करू शकते, किंबहुना आत असल्यामुळेच मला कुठला कागद कुठं अडला ते दिसतं. ज्या टीममध्ये दाद मागायचा हक्क मेंबरला, म्हणजे विमाधारकाला, सांगू नका असं सुचवलं जातं, तिथं एक दिवसही थांबू नये, असं माझं मत आहे.

मिस्टरांचं 'कॉल सेंटर' पूर्ण चूक नाही. दिवसात किती कॉल पूर्ण झाले, किती वेळ फोनवर, किती वेळ नोंदी करण्यात, कॉल संपून नोंद बंद व्हायला किती मिनिटं, हे सगळं मोजलं जातं. रेकॉर्ड केलेले कॉल ऐकून गुण दिले जातात. मान्यतेसाठी एनसीक्यूएसारख्या संस्था फायली तपासतात. मेडिकेअरच्या स्पेशल नीड्स प्लॅनमध्ये (खास गरजा असलेल्या लोकांसाठीच्या) नव्या मेंबरची आरोग्य तपासणी-प्रश्नावली 90 दिवसांच्या आत आणि पुढं दरवर्षी व्हावीच लागते, त्यामुळे तारखांचं दडपण खरं असतं. फ्लोअरवर तुम्हाला कामाचा वेग पेशंट ठरवून देतात, इथं तो पडद्यावर दिसत राहतो. काही कंपन्यांत हे मोजमाप समजूतदार असतं: एक कॉल पाऊण तास चालला तर कुणी जाब विचारत नाही. काही ठिकाणी एका कॉलची नोंद बंद होताच यंत्र आपोआप पुढचा नंबर लावतं. यंत्र नंबर लावतं अशा जागी वर उल्लेख केलेला बाटल्यांचा कॉल होऊच शकत नाही. माझ्या दृष्टीनं ऑफर घ्यायची की नाही हे ठरवणारी एकच गोष्ट निवडायची तर ती ही.

जानेवारी महिना वेगळाच असतो, हे जाता जाता सांगते. मेडिकेअरची प्लॅन बदलायची मुदत 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर असते आणि बदल 1 जानेवारीपासून लागू होतात. नवं कार्ड, नवी औषधांची यादी, फार्मसी नेटवर्कबाहेर. त्या महिन्यात सुट्टी मागू नका, मिळणार नाही.

मुलांबद्दल स्पष्ट सांगते, कारण या नोकरीकडे वळणाऱ्या आयांची इथंच निराशा होते. मुलं सांभाळत हे काम होत नाही. बहुतेक कंपन्या कामाच्या वेळेत मुलांना सांभाळणारं दुसरं कुणीतरी आहे असं लिहून घेतात. त्यांनी लिहून घेतलं नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. कुणी आपल्या गर्भपाताबद्दल बोलत असताना मागं कार्टून वाजू शकत नाही. बंद होणारं दार, पडद्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी जागा, केबलनं जोडलेलं इंटरनेट एवढं हवंच. खोलीत अलेक्सासारखं ऐकणारं यंत्र असेल तर ते बाहेर ठेवा, पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा तुमच्या घरातही तेवढाच लागू आहे. मिळतं ते असं: येण्याजाण्याचा वेळ वाचतो, मुलं शाळेतून येतात तेव्हा तुम्ही घरात असता, रात्री आपल्या बिछान्यात झोपता. माझ्या मते हे पुरेसं मोठं आहे. कंबरेचं मात्र गृहीत धरू नका. आठ तास खुर्चीत बसून तीही कुरकुरते. उंची बदलणारं टेबल मागून घ्या आणि लांबलचक होल्डवर असताना उभं राहा.

एकटेपणाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. फ्लोअरवर एखादा पेशंट गेला तर तुम्ही चौघी मिळून पाच मिनिटं का होईना थांबता. इथं तुम्ही आठ महिने ज्या बाईंशी दर पंधरवड्याला बोलत होता, त्यांचं नाव एका सकाळी यादीत नसतं. फाईल उघडली तर कव्हरेज संपल्याची तारीख आणि कारणाच्या रकान्यात मृत्यू. आणि पुढचा कॉल नऊ वाजता असतो. आमच्या टीममध्ये आम्ही अशा वेळी एकमेकींना फोन करतो, चॅटवर लिहीत नाही. तुमच्या टीममध्ये अशी माणसं आहेत का हे आधी कळणं अवघड, पण गेल्यावर पहिल्या महिन्यात एक-दोन जणींशी मुद्दाम ओळख वाढवा.

लायसन्सचं तुमच्या बाजूनं आहे. टेक्सास नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) आहे, त्यामुळे मल्टिस्टेट लायसन्सवर तुम्हाला चाळीसहून अधिक ठिकाणच्या लोकांशी काम करता येतं. नियम असा की पेशंट जिथं बसला आहे तिथं तुम्ही नर्सिंग करता, तुमचं घर कुठंही असो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारखी राज्यं कॉम्पॅक्टबाहेर आहेत. तिथले मेंबर मिळणार असतील तर वेगळं लायसन्स लागेल, आणि त्याची फी, नूतनीकरण कंपनी देते का ते लेखी घ्या. तुम्ही दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात राहायला गेलात तर 60 दिवसांच्या आत तिथं अर्ज करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

भारतातून काम करण्याचा विचार सोडून द्या. मेडिकेडचे पैसे देशाबाहेरच्या संस्थेला द्यायला कायद्यानं मनाई आहे, अनेक राज्यांच्या करारांत मेंबरची माहिती देशाबाहेर उघडायलाच बंदी असते, आणि मेडिकेअर ॲडव्हान्टेज कंपन्यांना देशाबाहेरच्या कंत्राटदाराकडे माहिती जात असेल तर सरकारला तसं लेखी कळवावं लागतं. त्यामुळे कंपन्या सरसकट नाही म्हणतात, आणि परदेशातून लॉग-इन केलं की यंत्रणेला ते लगेच कळतं. 'कुणाला कळणार आहे' म्हणून लॅपटॉप सोबत नेणं म्हणजे नोकरी आणि लायसन्स दोन्ही पणाला लावणं. साठवलेली रजा घेऊन जा, लॅपटॉप घरी कुलपात ठेवा.

तुम्हाला मराठी, हिंदी येतं, याचा फायदा होईल असं वाटत असेल तर होईल, पण थेट नाही. मेंबरशी इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलण्याआधी बहुतेक कंपन्या तुमची त्या भाषेची परीक्षा घेतात. तोवर दुभाष्याला लाइनवर घ्यावं लागतं, समोर मराठी आजी असल्या तरी. परीक्षा द्याच. आपल्याकडच्या आजी-आजोबांना 'पथ्य' आणि 'गोळ्या' यांबद्दल मोकळेपणानं बोलणारी नर्स मिळाली की त्यांच्या बोलण्यातला फरक मी ऐकला आहे. त्यांच्या वतीनं मुलगा किंवा सून बोलत असेल तर मात्र आधी मेंबरची परवानगी नोंदवा, घरचा मामला म्हणून सोडून देऊ नका.

पैशाचं गणित तुमच्या परिस्थितीवर आहे. ऑफरमधला आकडा हॉस्पिटलच्या बेस पगाराशी ताडू नका, गेल्या वर्षीच्या डब्ल्यू-2 शी (वर्षभराच्या एकूण कमाईच्या कर-फॉर्मशी) ताडा. रात्रपाळीचा, शनिवार-रविवारचा जादा दर आणि ओव्हरटाइम सगळं जातं. पद एक्झेम्प्ट (ठरलेला पगार, ओव्हरटाइम नाही) आहे की तासाप्रमाणे, हे विचारा. एक्झेम्प्ट असेल तर संध्याकाळी उरलेल्या नोंदी फुकटात पूर्ण होतात. दुसरी बाजू नोकरीच्या टिकण्याची. राज्याचं मेडिकेडचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं की त्या कामावरच्या नर्सेसची आख्खी टीम एकदम मोकळी होऊ शकते. तुमची जागा कोणत्या कंत्राटावर आहे आणि ते कधी संपतं, असं विचारणं उद्धटपणा नाही.

सीसीएमचं (सर्टिफाइड केस मॅनेजर) प्रमाणपत्र नोकरीआधी लागत नाही आणि मिळतही नाही. सीसीएम असलेल्या वरिष्ठाच्या देखरेखीखाली 12 महिने किंवा तशा देखरेखीशिवाय 24 महिने पूर्णवेळ केस मॅनेजमेंट केल्यावर परीक्षेला बसता येतं. 180 प्रश्न, तीन तास. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणून तुमच्या वरिष्ठाकडे सीसीएम आहे का हे विचारून ठेवा, एक वर्ष वाचेल.

इंटरव्ह्यूत मी या गोष्टी विचारेन: एका नर्सकडे एका वेळी किती मेंबर असतात, दिवसाला किती पूर्ण कॉलची अपेक्षा आहे, नंबर मी निवडते की यंत्र, घरभेटी आहेत का, ट्रेनिंग किती आठवड्यांचं आणि त्या काळात मोजमाप लागू असतं का, आणि गेल्या वर्षात टीममधून किती जणी गेल्या. मग एक विनंती करा: टीममधल्या एखाद्या नर्सचं काम अर्धा दिवस शेजारून बघता येईल का. गोपनीयतेमुळे कॉल ऐकू देणार नाहीत, पण त्या नर्सशी वीस मिनिटं बोलू दिलं तरी चालेल. तिला विचारा, शेवटचा पाऊण तासाचा कॉल कधी झाला आणि नंतर कुणी काही म्हणालं का.

ऑफर लेटरमधलं कामाचं वर्णन, कंपनीचं नाव झाकून, इथं उतरवलंत तर यूएम आहे की केस मॅनेजमेंट ते मी वाचून सांगते.